काटा कशाच्या जोरावर हलतो?

मी मूळचा कोल्हापूरचा, बारामतीत विमान चालवायला शिकवतो. आमच्याकडची, इचलकरंजी-कागलकडची पोरं येतात. कारखान्यांच्या उद्यमनगरात वाढलेल्या पोराला इंजिनाचा बिघडलेला आवाज कानाला लगेच कळतो. वैमानिक परीक्षेचा 'टेक्निकल जनरल'चा पेपरही तोंडपाठ असतो. पण समोरचा काटा कशाच्या जोरावर हलतो, असं विचारलं की गप्प. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

1. काट्याचं मूळ शोधा. आपल्या छोट्या सेस्नात वेग, उंची आणि चढ-उतार दाखवणारी यंत्रं हवेच्या दाबावर चालतात. कृत्रिम क्षितिज आणि दिशा दाखवणारा जायरो बहुधा इंजिनावरच्या व्हॅक्यूम पंपावर, तर टर्न कोऑर्डिनेटर विजेवर. ही वाटणी मुद्दाम केलेली आहे. पंप गेला तरी वळण दाखवणारं एक यंत्र जिवंत राहतं. पंपावरचे दोन्ही जायरो मात्र एकदम थांबत नाहीत, हळूहळू कलत जातात. खरा धोका तोच.

2. पिटो नळीत, म्हणजे वेगाच्या काट्याला समोरच्या हवेचा दाब पोचवणाऱ्या नळीत, रोज डोकावून पाहा. पावसाळा सरला की कुंभारीण माशी चिखलाचं घर करायला भोक शोधत फिरते. कव्हर न घातलेली नळी तिला आयतीच मिळते. नळीचं तोंड आणि पाणी निथळायचं भोक दोन्ही बुजली, तर विमान वर चढताना वेगाचा काटाही वर चढतो. वेग वाढला समजून शिकाऊ वैमानिक नाक आणखी वर करतो आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल जाते. 1996 मध्ये बिर्गेनएअरचं बोइंग 757 डॉमिनिकन रिपब्लिकजवळ समुद्रात पडलं, 189 जण गेले. पिटो नळी बुजली होती; बहुधा अशाच माशीच्या घरामुळे.

3. उंचीमापक उंची मोजत नाही, दाब मोजतो. 1939 साली छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात सुरू झालेला कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 2,000 फुटांवर आहे. क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीच्या दाबाचं सेटिंग, लावलं की जमिनीवरच काटा तेवढा दाखवायला हवा. एका हेक्टोपास्कलला साधारण 28 फूट धरा. जुलैत दाब उतरतो; हिवाळ्यातलं सेटिंग तसंच राहिलं तर काटा दोन-अडीचशे फूट जास्त दाखवेल. ढगाळ दिवशी पन्हाळा-जोतिबाच्या डोंगरांच्या बाजूला एवढी चूक परवडत नाही.

आणि एक गोष्ट कुठलाच काटा थेट सांगत नाही. मे महिन्यात 36 अंशाला याच धावपट्टीवरची हवा विमानाला 5,000 फुटांवरच्या हवेइतकी विरळ लागते. तापमान बघून हिशेब आपणच करायचा. उड्डाणाला धावपट्टी जास्त लागणार, चढण मंद होणार.

4. दिशा दाखवणारा जायरो सरकत राहतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी होकायंत्राशी जुळवून घ्या, तेही विमान सरळ, समतल आणि एकाच वेगात असताना. वळताना होकायंत्रावर विसंबू नका.

5. 1 जानेवारी 1978 विसरू नका. त्या रात्री एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे 747 मुंबईहून दुबईला निघालं आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्याच्या समुद्रात कोसळलं. 213 जण गेले. उजवीकडचं वळण संपवून विमान सरळ झालं, तरी कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज उजवीकडे कललेलंच दाखवत राहिलं. कॅप्टननी विमान डावीकडे वळवलं, वळवतच राहिले. खाली काळा समुद्र. बाहेर बघून ताडून पाहायला क्षितिजच नव्हतं. पण विमानात आणखी दोन कृत्रिम क्षितिजं होती. मी हा प्रसंग प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो, कारण तिथे कमी पडली ती एका यंत्राची दुसऱ्याशी पडताळणी. काटे एकमेकांशी जुळेनात, तर प्रत्येकाचं मूळ आठवा. वेगळ्या मुळावर चालणारी दोन यंत्रं एकच सांगत असतील, तर त्यांचं ऐका. अंगाला काय वाटतंय त्याचं ऐकू नका. ढगात आतला कान हमखास फसवतो.

पोरांनो, पुढच्या उड्डाणाआधी मास्टर स्विच बंद ठेवून कॉकपिटमध्ये थोडा वेळ बसा. एकेका काट्यावर बोट ठेवा आणि मोठ्यानं म्हणा: हवा, व्हॅक्यूम की वीज. जिथे अडाल, तिथे त्याच दिवशी आपल्या प्रशिक्षकाला गाठा.