गोधडीला काठ कसा लावतात

गोधडी आधी कुठे फाटते ते तुम्ही पाहिले आहे का? मधे नाही, कडेला फाटते. कारण झोपेत आपण कडच ओढतो. (मी आणि माझा भाऊ तर फारच ओढतो.) म्हणून कडेला काठ लावतात.

आमच्या डोळखांबला पाऊस खूप, म्हणून आजी उन्हाळ्यातच गोधडी शिवते. जुन्या साड्या एकावर एक अंथरायच्या, चुण्या काढायच्या आणि मोठ्या सुईने धावदोरा घालायचा. काठ मात्र लुगड्याचा घ्यायचा. तो अर्धा वर, अर्धा खाली दुमडून कड आत घ्यायची नि शिवायचे. दोरा फार ओढला तर गोधडी गोळा होते.

या वर्षी काठ पणजीच्या लुगड्याचा होता. पणजी आता नाही. लुगडे ९ वार, म्हणजे २७ फूट. त्यातला २२ फूट काठ चांगला होता, बाकीचा विरला होता. आजी म्हणाली, "काठ अखंड लावायचा, जोड नको."

आजीने गोधडी वितीने मोजली. लांबी ९ विती, रुंदी ६ विती. मी लगेच बेरीज केली. ९+६+९+६=३०. आजीने दुमडायला एक वीत जास्त धरायला सांगितली. मी ३१ विती मोजल्या आणि काठ कापला.

आजीने रुंदीकडून सुरुवात केली. तीन बाजू झाल्या, आणि चौथीला काठ जेमतेम हातभर उरला! मी बेरीज परत केली. बरोबरच होती. मग आजीने माझा हात आपल्या हातावर ठेवला. "अगं बाई, तुझी वीत केवढुशी!" मी पट्टी आणून मोजले. आजीची वीत ८ इंच, माझी ६ इंच. दर वितीला २ इंच कमी, ३१ वितींना ६२ इंच. पाच फुटांहून जास्त!

आजी रागावली नाही, पण बराच वेळ बोलली पण नाही. मला रडू आले. मग तिने उरलेल्या चांगल्या काठाने चौथी बाजू केली. जोड दोन कोपऱ्यांवर आले. त्यांवर माझ्या जुन्या लाल फ्रॉकचे त्रिकोण लावले. दोनच कसे दिसतील, म्हणून चारही कोपऱ्यांना लावले.

आमच्या बाईंनी सांगितले, कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी लोक राहतात. त्यांच्या बायकापण गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात. तिच्या कोपऱ्यांवर त्रिकोणी तुकडे मुद्दाम लावतात, त्यांना फुले म्हणतात. फुले नसली तर कवंदी उघडी मानतात. हे मी घरी सांगितले. आजी म्हणाली, "मग आपली झाकलेली म्हणायची."

आता मी पट्टीनेच मोजते. आजी अजून वितीनेच मोजते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी