संगणक घेताना नाव नाही, पिढी बघा : प्रोसेसर, मदरबोर्ड आणि कूलिंगची निवड



दिवाळीनंतरची गोष्ट आहे. आमच्या शाळेतून चौथी करून गेलेली एक मुलगी आता अकरावी सायन्सला वाशिमला जाते. तिचे वडील एका संध्याकाळी माझ्याकडे आले. सोयाबीन विकून आलेल्या पैशांतून त्यांनी पोरीच्या कॉम्प्युटरसाठी तीस हजार रुपये बाजूला काढून ठेवले होते. खिशातून एका दुकानाचं कोटेशन काढलं आणि म्हणाले, "सर, दुकानदार म्हणते आय फाइव्ह आहे, अन् पडद्यासकट फक्त पंधरा हजारात. तुम्ही सांगता तो आय थ्री त त्याच्याहून महाग आहे. मंग आय फाइव्हच घेऊ ना?"

प्रश्न अगदी रास्त होता. तीनपेक्षा पाच मोठे, हे तर आपणच पहिलीत शिकवतो! पण कोटेशनवर बारीक अक्षरात लिहिलं होतं : आय ५-३४७०. मी म्हटलं, "भाऊ, थांबा. हा आकडा आधी नीट वाचू."

त्या संध्याकाळी आम्ही जे बोललो आणि पुढे जे केलं, तेच आज या लेखात मांडतो आहे. मी काही हार्डवेअर इंजिनिअर नाही, डी.एड. झालेला प्राथमिक शिक्षक आहे. पण शाळेचा संगणक उघडून, चुका करून जे शिकलो ते सांगतो.

१) प्रोसेसर : आकड्याची स्थानिक किंमत

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. इंटेल कंपनीच्या डेस्कटॉप प्रोसेसरवर 'आय ३', 'आय ५', 'आय ७' असं लिहिलेलं असतं. ही झाली वर्गवारी. खरी माहिती त्याच्या पुढच्या आकड्यात असते. शेवटचे तीन अंक सोडा. त्यांच्या डावीकडे जे उरेल ती प्रोसेसरची पिढी.

आय ५-३४७० : शेवटचे तीन अंक ४७०. डावीकडे उरले ३, म्हणजे तिसरी पिढी. हा प्रोसेसर २०१२ साली आला.

आय ३-१२१०० : शेवटचे तीन अंक १००. डावीकडे उरले १२, म्हणजे बारावी पिढी. हा २०२२ साली आला.

दोघांमध्ये दहा वर्षांचं अंतर आहे. दोघांनाही चारच कोअर आहेत, म्हणजे काम करणारे चार गडी. पण नव्या आय ३ चा प्रत्येक गडी जुन्यापेक्षा बराच चपळ आहे आणि तो एकाच वेळी दोन कामांचे धागे सांभाळतो. म्हणून इथे आय ३ हा आय ५ पेक्षा सरस ठरतो.

दुसरा मुद्दा विंडोजचा. विंडोज १० ची मोफत नियमित सुरक्षा सेवा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने ठरवलेल्या अटीत इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते. तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर या अटीत बसत नाही.

याचा अर्थ जुना संगणक भंगारात द्यायचा असा नाही. घरी किंवा शाळेत असलाच तर त्यावर लिनक्स टाका. सी-डॅकचं 'बॉस' लिनक्स आहे, लिनक्स मिंट आहे. टायपिंग, स्क्रॅच, व्हिडिओ पाहणं आरामात चालतं. पण नवे पैसे मोजून जुनी पिढी घेऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

एएमडी कंपनीचे रायझन प्रोसेसरही चांगले आहेत. उदाहरणार्थ रायझन ५ ५६००जी : सहा कोअर, बारा धागे. बजेट थोडं जास्त असेल तर जरूर विचार करा.

आता एक छोटं पण महत्त्वाचं अक्षर. इंटेलच्या आकड्यापुढे 'एफ' असेल (उदा. १२१००एफ) तर त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय नसते. वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावंच लागतं, नाहीतर संगणक सुरू होतो आणि पडदा मात्र काळाच राहतो. तसंच रायझन ५६००जी मधला 'जी' नसेल, नुसता ५६०० असेल, तरीही वेगळं कार्ड लागतं. थोडे पैसे वाचवायला जाऊन अडकू नका.

टीप : इंटेलच्या नव्या 'कोअर अल्ट्रा' मालिकेला आणि लॅपटॉपच्या काही प्रोसेसरना वरचा आकड्याचा नियम लागू होत नाही.

२) मदरबोर्ड : कुलूप आणि चावी

मदरबोर्ड म्हणजे सगळे भाग जिथे जोडले जातात ती मोठी पाटी. प्रोसेसर जिथे बसतो त्या चौकोनाला सॉकेट म्हणतात. सॉकेट हे कुलूप समजा आणि प्रोसेसर ही चावी. कुठलीही चावी कुठल्याही कुलपाला लागत नाही.

• इंटेल १२वी, १३वी, १४वी पिढी : सॉकेट एलजीए १७००. त्यासाठी एच ६१०, बी ६६०, बी ७६० असे बोर्ड मिळतात.
• इंटेल कोअर अल्ट्रा २०० मालिका : सॉकेट एलजीए १८५१.
• रायझन ५६००जी : सॉकेट एएम ४. बोर्ड ए ५२०, बी ४५०, बी ५५०.
• रायझन ७०००, ८०००, ९००० मालिका : सॉकेट एएम ५. बोर्ड ए ६२०, बी ६५०.

सॉकेट जुळलं तरी दोन गोष्टी तपासायच्या. पहिली रॅम. एलजीए १७०० चे काही बोर्ड डीडीआर ४ रॅमचे असतात, काही डीडीआर ५ चे. दोन्हीच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. एएम ५ वर फक्त डीडीआर ५ चालते. दुसरी गोष्ट बायोस. बोर्ड आधी बनलेला आणि प्रोसेसर नंतर आलेला असेल तर बोर्डातला बायोस अपडेट करावा लागतो. दुकानदाराला सरळ विचारा, "या बोर्डावर हा प्रोसेसर आत्ताच्या बायोसवर सुरू होईल का? सुरू करून दाखवा."

विद्यार्थ्याच्या कामासाठी आय ३ सोबत एच ६१० बोर्ड पुरेसा आहे. मात्र त्याच स्वस्त बोर्डावर आय ७ बसवू नका. कागदावर तो चालतो, पण प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डाचा भाग लहान असतो. तो तापतो, आणि मग महागडा प्रोसेसरही वेग कमी करून चालतो.

अजून एक. एलजीए प्रकारात केसासारख्या पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, एएम ४ मध्ये त्या प्रोसेसरच्या पोटाला असतात. दोन्हीकडे बोट लावायचं नाही. प्रोसेसरवरचा छोटा त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि अलगद ठेवायचा. जोर लावायचाच नाही.

३) एप्रिलमध्ये बंद पडलेला शाळेचा संगणक

एवढं बोलून झाल्यावर मी कूलरचा विषय काढला, तर भाऊ हसले. "कॉम्प्युटरले बी कूलर लागते का सर?" आपल्याकडे कूलर म्हणजे खिडकीतला, वाळ्याचा! पण प्रोसेसरवरही एक कूलर असतो : धातूच्या पात्यांचा ठोकळा आणि त्यावर पंखा. त्याचं महत्त्व मला आमच्या शाळेच्या संगणकाने शिकवलं.

तो संगणक लोकवर्गणीतून आलेला. २०२५ च्या एप्रिलमध्ये सकाळची शाळा होती. साडेदहा वाजले, टिनाचं छत तापलं की संगणक आपोआप बंद व्हायचा. सकाळी सात वाजता मात्र एकदम ठणठणीत. मुलं म्हणाली व्हायरस. एकाने तपासून सांगितलं, मदरबोर्ड गेला, नवा टाका. गावाने पै-पै करून दिलेली वस्तू अशी गेली म्हणून मला झोप लागेना. पालकांना काय सांगणार?

शेवटी वायर काढून मीच तो उघडला. आत काय होतं? खडूची भुकटी, आणि शाळेशेजारी मळणीयंत्र चालतं त्याचं सोयाबीनचं बारीक कुटार. पंख्याखालच्या पात्यांवर धुळीची अक्षरशः गोधडी झाली होती. कूलर काढला तर खालची थर्मल पेस्ट वाळलेल्या चुन्यासारखी पडली. सगळं साफ केलं, नवी पेस्ट लावली. शंभर रुपयांच्या आत काम झालं. तो संगणक आजही चालू आहे. मदरबोर्ड गेलाच नव्हता!

प्रोसेसर मर्यादेपलीकडे तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरीही तापत राहिला तर जळू नये म्हणून संगणक बंद होतो. तो बिघाड नव्हता, तो स्वतःला वाचवत होता.

ही अडचण आपल्या एकट्याची नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक या भारतीय बनावटीच्या संगणकात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. त्यांची उष्णता बाहेर काढणं हेही तेव्हा एक कामच होतं. आणि पुण्याच्या आयसरमधला 'परम ब्रह्म' हा महासंगणक द्रव फिरवून थंड ठेवला जातो. यंत्र लहान असो की मोठं, वीज खाल्ली की उष्णता निघणारच.

४) किती तापेल? साधी बेरीज

पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त उष्णता हवेत सोडतो. त्यामुळे खोली जेवढी तापेल, साधारण तेवढंच प्रोसेसरचं तापमानही वर जातं.

समजा, डिसेंबरमध्ये खोली २४ अंश आणि भरपूर काम देऊन प्रोसेसर ६२ अंश. फरक ३८. आता आपल्या वाशिमच्या एप्रिलमध्ये खोली ४२ अंश असेल तर ४२ + ३८ = ८०. आय ३-१२१०० ची कमाल मर्यादा १०० अंश आहे, म्हणजे २० अंश हाताशी राहिले. पण धुळीने फरक ३८ चा ५५ झाला तर? ४२ + ५५ = ९७. इथून घसरण सुरू.

म्हणून थंड शहरातला सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. इथे हाताशी जास्त अंश ठेवावे लागतात.

५) कूलर कोणता आणि कसा?

• आय ३-१२१०० किंवा ५६००जी सारख्या ६०-६५ वॅटच्या प्रोसेसरला खोक्यात येणारा कूलर पुरतो. 'बॉक्स'मधला प्रोसेसर घ्या. सुटा म्हणजे 'ट्रे' वाला घेतला तर कूलर आणि वॉरंटी दोन्ही विचारून घ्या.
• आय ५ किंवा वरचा असेल तर उभा टॉवर कूलर घ्यावा. तो कॅबिनेटमध्ये मावतो का, ते उंची मोजून बघा.
• पाण्याचा म्हणजे लिक्विड कूलर शाळेला किंवा विद्यार्थ्याला लागत नाही. त्यातला पंप बिघडला तर गावात दुरुस्ती नाही.
• कॅबिनेटला पुढून हवा आत घेणारा आणि मागून बाहेर फेकणारा पंखा हवा. पुढे जाळी हवी, म्हणजे कुटार अडेल.
• थर्मल पेस्ट तुरीच्या दाण्याएवढीच. दोन धातू वरून गुळगुळीत दिसले तरी मध्ये बारीक फटी असतात, त्यात हवा असते आणि हवा उष्णतेची दुर्वाहक. पेस्ट त्या फटी भरते. जास्त थापली तर फायदा नाही, उलट पसारा होतो.
• इंटेलच्या कूलरचे चार खिळे समोरासमोरच्या कोपऱ्यांनी दाबा. 'टक' आवाज चारही वेळा आला पाहिजे.
• संगणक खिडकीतल्या कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. हवा थंड असते, पण पाण्याचे तुषार आणि क्षार बोर्डावर बसतात.
• वर्षातून दोनदा सफाई करा : मळणीचा हंगाम संपल्यावर आणि उन्हाळ्याआधी मार्चमध्ये. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. ओलं फडकं नको.

सावधान : उघडण्याआधी प्लग काढा, मग पॉवर बटण एकदा दाबा. कॅबिनेटच्या धातूला हात लावा. एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते. लहान मुलांनी फक्त बघायचं.

६) वर्गासाठी कृती

चौथी-पाचवीच्या मुलांसाठी : दोन सारख्या स्टीलच्या ग्लासांत सारखंच कोमट पाणी घ्या. एक पंख्याखाली, एक झाकलेल्या खोक्यात ठेवा. दर दोन मिनिटांनी तापमापी वाचून तक्ता करा. मुलं स्वतःच सांगतात, "सर, कॉम्प्युटरले पंखा काहून असते ते समजलं!"

७) दुकानात विचारायचे पाच प्रश्न

१. प्रोसेसरचा पूर्ण आकडा कोणता? शेवटी 'एफ' आहे का?
२. बोर्डाचं सॉकेट कोणतं, रॅम कोणती?
३. सगळे भाग नवे आहेत का? बिलावर प्रत्येकाचा आकडा आणि वॉरंटी लिहून द्याल का?
४. कूलर सोबत आहे का? पंखे किती?
५. अर्धा तास चालवून तापमान दाखवाल का?

शेवटी भाऊंनी काय घेतलं? आय ३-१२१००, एच ६१० बोर्ड, आठ जीबी रॅम, एसएसडी आणि पुढे जाळी असलेलं कॅबिनेट. पडद्याचे पैसे वाचवले, घरचाच टीव्ही एचडीएमआय वायरने जोडला. प्रोसेसर मी बसवला, कूलरचे चार खिळे मात्र पोरीने स्वतः दाबले. चौथा 'टक' ऐकल्यावर तिच्या वडिलांनी सुस्कारा सोडला.

डिसेंबरमधले २४ आणि ६२ हे वरचे आकडे तिच्याच संगणकाचे आहेत. तिने वहीत लिहून ठेवलंय : 'एप्रिलमध्ये ८० यायला पाहिजे.' उत्तर बरोबर येतं का ते आम्ही दोघं मिळून तपासणार आहोत.

आपल्या शाळेत एखादा संगणक 'गेला' म्हणून कोपऱ्यात पडला असेल, तर टाकण्याआधी एकदा उघडून बघा. काय सापडलं ते जरूर कळवा.