मोल्सवर्थ : एका आडनावाची कुळकथा

आमच्या ग्रंथालयातील संदर्भाच्या कपाटात एक जाडजूड कोश आहे. जुना मराठी शब्द अडला की प्राध्यापक म्हणतात, "मोल्सवर्थ पाहा." दोन वर्षे मी 'मोल्सवर्थ पाहत' होतो. परंतु हे एका माणसाचे आडनाव आहे आणि त्या आडनावालाही काही अर्थ असेल, हे माझ्या ध्यानी आले नव्हते.

ध्यानी आले ते एका फजितीमुळे. गेल्या वर्षी भित्तिपत्रकासाठी मी एक टिपण लिहिले. मराठीत 'मोल' म्हणजे किंमत आणि इंग्रजीत 'वर्थ' म्हणजेही किंमत. तेव्हा मराठी शब्दांचे मोल इंग्रजांना सांगणाऱ्या कोशकाराला हे आडनाव जन्मतःच लाभले होते, असा माझा सिद्धान्त! मित्रांनी पाठ थोपटली. सरांनी मात्र टिपण वाचून दोनच शब्द उच्चारले : "प्रमाण काय?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर होय.

इंग्रजी आडनावांचे ढोबळ मानाने चार वर्ग पडतात. काही धंद्यावरून आलेली, जसे स्मिथ म्हणजे लोहार. काही बापाच्या नावावरून, जसे जॉन्सन. काही टोपणनावावरून, जसे शॉर्ट. आणि काही गावावरून. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या तीनएकशे वर्षांत ही नावे हळूहळू वंशपरंपरागत झाली. मोल्सवर्थ हे चौथ्या वर्गातले, म्हणजे आपल्याकडील 'कर'कारान्त आडनावांचे भावंड. मात्र स्मिथ, जोन्स इंग्लंडात पावलोपावली भेटतात, मोल्सवर्थ विरळा. याचे कारण उघड आहे : लोहार गावोगाव होते, मोल्सवर्थ हे गाव लहानसे होते.

हे गाव पूर्वीच्या हंटिंगडनशायरमध्ये, १९७४ पासून केंब्रिजशायरमध्ये मोडते. विजेत्या विल्यमच्या आज्ञेने १०८६ साली जमीनमहसुलाची जी पाहणी झाली, तिच्या 'डूम्सडे बुक' या दप्तरात गावाचे नाव 'मोल्सवर्द' असे नोंदलेले आहे. नॉर्मन लेखनिकांना इंग्रजी 'थ' परका, म्हणून त्यांनी 'द' लिहिला. या नावाची फोड अशी : 'मूल' हे माणसाचे नाव, 'एस' हा आपल्या 'चा'सारखा षष्ठीचा प्रत्यय, आणि 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली वस्ती. एकूण अर्थ, मूलची वाडी. किंमत या अर्थाचा इंग्रजी 'वर्थ' हा निराळाच शब्द आहे, आणि आपले 'मोल' तर संस्कृत 'मूल्या'वरून आलेले. माझ्या सिद्धान्ताचे दोन्ही पाय असे एकदमच मोडले! ही वस्तीवाचक 'वर्थ' वर्ड्‌स्वर्थ, बटरवर्थ, एन्सवर्थ या आडनावांतही आहे. म्हणजे बी. ए.च्या वर्गात आपण ज्याच्या कविता वाचतो, तो कवीही मुळात कोणा वाडीचाच 'कर'!

'मूल' या शब्दाचा जुन्या इंग्रजीत अर्थ खेचर. ६८७ साली केंटच्या प्रजेने ज्याला जाळून मारले, त्या राजाचेही नाव मूलच होते. त्यानेच हे गाव वसविले असे लिहिण्याचा मोह मला झाला; पण पुन्हा तोच प्रश्न आडवा आला. नुसते नाव सारखे असणे म्हणजे प्रमाण नव्हे.

पुढे गाव मागे राहिले आणि आडनाव प्रवासाला निघाले. एक शाखा राणी एलिझाबेथच्या काळात कॉर्नवॉलमध्ये पेनकॅरो येथे स्थिरावली. त्या घराण्यातील सर विल्यम मोल्सवर्थ (१८१०–१८५५) यांनी तत्त्वज्ञ हॉब्ज याचे समग्र ग्रंथ संपादिले, आणि १८५५ मध्ये ते वसाहतमंत्री झाले. न्यूझीलंडच्या राजधानीत, वेलिंग्टनमध्ये, संसदेलगतच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. दुसरी शाखा आयर्लंडात गेली. डब्लिनमध्ये जन्मलेले रॉबर्ट मोल्सवर्थ (१६५६–१७२५) डेन्मार्कमध्ये राजदूत होते. १७१६ साली त्यांना व्हायकाउंट ही पदवी मिळाली. डब्लिनमध्येही मोल्सवर्थ स्ट्रीट आहे. गावाने माणसाला नाव द्यावे आणि माणसाने ते दूरच्या गावांतील रस्त्यांना परत द्यावे, असा हा व्यवहार आहे.

आपल्याशी संबंध येतो तो जेम्स टॉमस मोल्सवर्थ (१७९५–१८७१) यांचा. कोवळ्या वयात कंपनीच्या फौजेत दाखल होऊन ते हिंदुस्थानात आले, मराठी शिकले, आणि जॉर्ज व टॉमस कँडी या जुळ्या भावांच्या व अनेक शास्त्र्यांच्या साहाय्याने त्यांनी मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. पहिली आवृत्ती १८३१ची, सुधारून वाढविलेली दुसरी १८५७ची. आपण पाहतो ते १९७५ साली पुण्याहून निघालेले पुनर्मुद्रण. एतद्देशीय मंडळी त्यांना 'मोलेसर शास्त्री' म्हणत. नॉर्मन लेखनिकाने 'थ'चा 'द' केला, आपल्या लोकांनी 'वर्थ'चा 'सर' केला! परके नाव आपल्या जिभेवर रुळविण्याची रीत सर्वत्र एकच. मात्र मोलेसरवरूनच मूळ शोधू गेलो असतो तर कधीच सापडले नसते. सांगावयाचे तात्पर्य, नावाचा अर्थ आजच्या उच्चारात शोधू नये. जुन्यात जुनी नोंद शोधावी.

लेख संपविताना एक घरगुती गोष्ट सांगतो. आमचेही आडनाव 'कर'कारान्त आहे. ते ज्या गावाचे, ते गाव कोयना धरणाच्या पाण्याखाली गेले. मी ते पाहिलेले नाही. घरात त्याचा छायाचित्र नाही, नकाशा नाही. राहिले आहे ते आडनाव. गावाच्या नावाचा अर्थ वडील एक सांगतात, काका दुसराच. आजवर मी दोन्ही ऐकून मान डोलावीत असे. मोल्सवर्थच्या वाडीची नोंद जवळजवळ साडेनऊशे वर्षे दप्तरात जपली गेली. आमच्या वाडीचे जुने उतारे कोणत्या कचेरीत आहेत, हे मी अजून विचारलेलेही नाही. ती वाडी डोळ्यांनी पाहिलेले घरात एकटे आजोबा, आणि त्यांचे वय आता पंच्याऐंशी आहे.

या सुट्टीत मी वही घेऊन त्यांच्यापाशी बसणार आहे.