उचल आणि मजुराचे स्वातंत्र्य

नंदुरबार जिल्ह्यातील अनेक आदिवासी कुटुंबे हंगामात ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. पावसाळ्यात घरात दाणा नसताना मुकादम त्यांना उचल देतो आणि ती फिटेपर्यंत दुसऱ्या मुकादमाकडे न जाण्याची अट घालतो. ही अट कायद्याने बंधनकारक आहे काय?

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ अन्वये कोणासही कायदेशीर व्यवसायापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता शून्य ठरतो. कराराची मुदत चालू असताना अन्यत्र काम न करण्याची वाजवी अट मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये ग्राह्य मानली आहे.

तथापि, कर्जापोटी मजुराचे काम निवडण्याचे किंवा इच्छेनुसार अन्यत्र जाण्याचे स्वातंत्र्य हिरावले गेल्यास १९७६ च्या कायद्यानुसार ती वेठबिगारी होय. असे कर्ज फेडण्याचे दायित्वच नष्ट होते. कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर असते.

म्हणून शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी मजुरांना उचलीची रक्कम, तारीख, मजुरीचा दर आणि कामाची मुदत लिहून घेण्यास साहाय्य करावे. अडवणूक झाल्यास जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. उचलीचा हिशेब मागता येईल. त्यासाठी माणूस अडवून ठेवता येणार नाही.