परिचारिका व सुईण यांचे शिक्षण : शाळेने आणि घराने करावयाची तयारी

दवाखान्यात डॉक्टरांची भेट दहा मिनिटांची. बाकीचा सारा दिवस आणि सारी रात्र रोगी परिचारिकेच्या हवाली असतो. ही गोष्ट आपण सर्व अनुभवाने जाणतो. तरीही घरातील हुशार मुलगी 'मला नर्सिंगला जायचे आहे' असे म्हणाली, की वडीलधारी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. रात्रपाळीचे कसे, परक्या माणसांची सेवा कशाला, पुढे लग्नाचे काय, असे प्रश्न निघतात. उलट जिला बारावीला गुण कमी पडले, तिच्याविषयी मात्र 'नर्सिंगला घाला' असा सल्ला सहज मिळतो. या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. या कामाला हात आणि दया पुरते, बुद्धीचे फारसे काम नाही, अशी आपली समजूत आहे.

आम्ही बेळगावात माध्यमिक शाळेत गणित व विज्ञान शिकवतो. आमच्या हाताखालून गेलेल्या काही मुली आज परिचारिका आहेत. काही पहिल्याच वर्षी परत आल्या. त्यांच्याशी बोलून आणि त्यांची पुस्तके चाळून आमचे जे मत झाले, ते ट्रस्टच्या या महोत्सवी स्मरणिकेत मांडीत आहोत. या शिक्षणाचा पाया आठवी ते बारावीच्या वर्गांत आणि आपल्या घरांत घातला जातो. तो कच्चा राहिला, तर पुढे मिळालेली शिष्यवृत्तीही मुलीला तारीत नाही.

थोडा पूर्वेतिहास

रोग्याची शुश्रूषा हे काम जुने आहे. इस्लामच्या आरंभकाळी मदीना येथे रुफैदा अल्-अस्लमिया नावाची स्त्री जखमींवर उपचार करीत असे. इ. स. ६२७ मधील खंदकाच्या लढाईत जखमी झालेले साद इब्न मुआज यांना मशिदीच्या आवारातील तिच्या तंबूत ठेवले होते, असे इतिहासग्रंथ सांगतात. आमच्या मुसलमान घरांतून 'हे काम आपल्या मुलींचे नव्हे' असे कोणी म्हणाले, की आम्ही हे नाव सांगतो.

परंतु या कामाला शास्त्राची बैठक मिळाली ती एकोणिसाव्या शतकात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या. त्यांच्या हातातील दिवा सर्वांना ठाऊक आहे. त्यांची वही फारशी कोणाला ठाऊक नाही. किती शिपाई जखमांनी मेले आणि किती साथीच्या रोगांनी, याचे तक्ते त्यांनी मांडले आणि रोगांनी मेलेल्यांची संख्या कितीतरी मोठी असल्याचे सरकारला आकड्यांनी दाखवून दिले. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा निघाली.

सुईणींच्या शिक्षणाचा एक धडा व्हिएन्नाचा आहे. तेथील मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. १८४० नंतरच्या काही वर्षांत पहिल्या विभागात शेकडा सुमारे १० बाळंतिणी मरत, तर सुईणींच्या विभागात सुमारे ४. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने याचा शोध घेतला. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिगृहात येत. सुईणींना ते काम नव्हते. त्याने १८४७ साली क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. त्या वर्षी एप्रिलमध्ये शेकडा १८ च्या वर गेलेले मृत्यूचे प्रमाण काही महिन्यांत २ च्या आसपास आले. जंतूंची कल्पना सर्वमान्य होण्याच्या आधीची ही गोष्ट आहे. दोन रकान्यांतील आकडे शेजारी मांडून 'असे का?' हा प्रश्न त्याने विचारला, म्हणून उत्तर सापडले.

आपल्याकडे रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने (स्थापना १९०९) स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठविले. त्यांत विधवाही होत्या. लोकांनी नावे ठेवली, पण काम थांबले नाही. तरीसुद्धा १९४६ साली भोर समितीने आपला अहवाल दिला, तेव्हा एवढ्या मोठ्या देशात परिचारिका सुमारे ७,००० आणि सुईणी सुमारे ५,००० एवढ्याच होत्या. त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे नर्सिंगची पदवी देणारे अभ्यासक्रम निघाले आणि १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. २०२३ साली संसदेने त्याऐवजी परिचर्या व सुईणशास्त्र यांच्या राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा केला.

आज वाटा कोणत्या

बारावीनंतर मुख्य वाटा तीन. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम गावपातळीवरील आरोग्यसेविकेचा. जी.एन.एम. हा तीन वर्षांचा, परिचर्या व सुईणकाम या दोहोंचा. बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. तिला बारावीस भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात. याशिवाय केवळ सुईणशास्त्रात पारंगत करणारा अठरा महिन्यांचा अभ्यासक्रम, आधीच परिचारिका असणाऱ्यांसाठी, २०१८ च्या केंद्र सरकारच्या धोरणाने आला. मुलगेही या शिक्षणास जातात व चांगले काम करतात. त्यांना रोगी 'ब्रदर' म्हणून हाक मारतात.

हिशेबाची पारख

आता आमच्या विषयाकडे वळतो. डॉक्टरांनी लिहिले : ५०० मिलिलिटर सलाइन आठ तासांत द्यावे. नळीतून एका मिलिलिटरला २० थेंब पडतात. मिनिटाला किती थेंब सोडावेत? एकूण थेंब ५०० × २० म्हणजे १०,०००. मिनिटे ८ × ६० म्हणजे ४८०. भागाकार २०.८, म्हणजे मिनिटाला २१ थेंब. सातवीतले त्रैराशिक आहे हे! पण ते रात्री तीन वाजता, शेजारच्या खाटेवरचा रोगी कण्हत असताना, बरोबर यावे लागते.

दशांशचिन्हाची गोष्ट याहून नाजूक. वहीत एक टिंब चुकले तर आम्ही अर्धा गुण कापतो. औषधाच्या मात्रेत ते चुकले तर औषध दहापट जाते. म्हणून परिचारिकांना शिकवितात, की अर्धा लिहिताना टिंबाआधी शून्य लिहावे (०.५), आणि पूर्णांक पाच लिहिताना त्यापुढे टिंब-शून्य लिहू नये. तसेच प्रत्येक औषध देताना पाच गोष्टी पडताळाव्यात : योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ.

बाळंतपणाचा आलेख

नववीत आम्ही आलेखाचा कागद वाटतो, तेव्हा 'याचा उपयोग काय?' असे मुले विचारतात. त्याचे एक उत्तर प्रसूतिगृहात आहे. कळा जोरात सुरू झालेल्या स्त्रीच्या खाटेपाशी पार्टोग्राफ नावाचा तक्ता असतो. आडव्या अक्षावर तास, उभ्या अक्षावर गर्भाशयाचे तोंड किती सेंटिमीटर उघडले ते. तक्त्यावर दर तासाला एक सेंटिमीटर या चढाची एक सावधगिरीची रेषा आखलेली असते आणि तिच्या उजवीकडे चार तासांच्या अंतरावर कृतीची रेषा. या बाईचा आलेख पहिल्या रेषेच्या उजवीकडे सरकू लागला, तर लक्ष वाढवावयाचे आणि मोठ्या रुग्णालयात नेण्याची सिद्धता ठेवावयाची; दुसऱ्या रेषेपर्यंत गेला तर निर्णय घ्यावयाचाच. बाळाच्या हृदयाचे ठोके व आईची नाडी दर अर्ध्या तासाला मोजून लिहावयाची. ठोके मिनिटाला ११० ते १६० या मर्यादेत असावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली या तक्त्याची सुधारलेली आवृत्ती काढली, पण वेळच्या वेळी पाहून खरे तेच लिहिण्याची शिस्त बदललेली नाही. न मोजता अंदाजाने भरलेला तक्ता हा कोऱ्या तक्त्याहून घातक, कारण तो वाचणारा डॉक्टर निर्धास्त होतो.

प्रयोगवहीत शेजाऱ्याचे आकडे उतरवून घेण्याची सवय येथे जिवावर बेतते. ती सवय शाळेतच मोडली पाहिजे.

पहिला तास

बाळ जन्मल्यावरचे पहिले मिनिट फार मोलाचे. त्याला कोरडे पुसावे, उबेत ठेवावे, पाठ चोळावी. तरीही श्वास सुरू न झाल्यास त्याच मिनिटात पिशवी व मुखवट्याने हवा द्यावी. विद्यार्थिनी हे आधी रबरी बाहुलीवर पुन्हा पुन्हा करतात. इकडे आईला बाळ झाल्यापासून एका मिनिटात ऑक्सिटोसिनचे दहा युनिटचे इंजेक्शन द्यावयाचे, म्हणजे गर्भाशय आवळते व रक्तस्राव आटोक्यात राहतो. हे औषध थंड जागी ठेवावे लागते. त्यामुळे शीतपेटीचे तापमान पाहणे हेही परिचारिकेचेच काम. रक्त अर्ध्या लिटरवर गेले तर ती धोक्याची खूण, कारण असा स्राव न थांबल्यास दोन तासांतही बाई दगावू शकते. अशा वेळी डॉक्टर येईपर्यंत काय करावे, हे जिला पाठ आहे तीच त्या खोलीत उपयोगी.

जुन्या काळी नाळेला शेण किंवा राख लावीत आणि कित्येक अर्भके धनुर्वाताने जात. त्यावर सुईणींना पाच स्वच्छता शिकविल्या : हात, जागा, पाते, नाळ बांधण्याचा दोरा आणि नाळेचे टोक. या शिकवणीने आणि आईला दिलेल्या लशीने २०१५ साली भारतातून माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. २००५-०६ च्या राष्ट्रीय पाहणीत शेकडा ३९ च्या आसपास बाळंतपणे दवाखान्यात होत; २०१९-२१ च्या पाहणीत ती सुमारे ८९ झाली. लाखामागे मातामृत्यू २००४-०६ मध्ये २५४ होते, ते २०१८-२० मध्ये ९७ वर आले. इमारत असली म्हणजे बाळंतीण वाचतेच असे नाही. खाटेपाशी शिकलेले माणूस लागते.

भाषेचा प्रश्न

मराठी शाळेतून गेलेल्या आमच्या मुली पहिल्या वर्षी अडखळतात त्या मुख्यतः इंग्रजीपाशी. पुस्तके इंग्रजीत, व्याख्याने इंग्रजीत. बुद्धी असूनही त्या वर्गात मागे बसू लागतात आणि शेवटी घरी येतात. ही हानी टाळता येण्याजोगी आहे.

दुसऱ्या बाजूने याच मुलींजवळ एक धन आहे. बेळगावच्या वॉर्डात एक बाई मराठी बोलते, दुसरी कन्नड, तिसरी दखनी उर्दू, चौथी कोकणी. आमच्या गल्लीत वाढलेल्या मुलीला यांतल्या दोन-तीन तरी कळतात. खेड्यातली बाई 'रक्तस्राव होतो' असे म्हणत नाही; 'अंगावरून जाते' म्हणते. ते लाल की पांढरे, हे विचारण्याचे भान हवे. 'डोके ठणकते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात' असे गरोदर बाई म्हणाली, तर ते थकव्यावर न लोटता ताबडतोब रक्तदाब पाहावा लागतो. तो १४०/९० किंवा अधिक असला तर झटके येण्यापूर्वीची ती सूचना असू शकते. असे बोलणे ज्या कानाला घरापासून परिचित, तो कान दवाखान्याला मोलाचा आहे.

आपण काय करावे

ट्रस्टच्या कार्यकारी मंडळापुढे व पालकांपुढे आमच्या सूचना अशा :

१. बारावीचा निकाल लागल्यापासून प्रवेश होईपर्यंत तयारीचा वर्ग चालवावा. शरीराच्या अवयवांची व रोगांची इंग्रजी नावे मराठी अर्थासह, औषधांच्या मात्रांचे हिशेब आणि आलेखवाचन एवढे पुरे. शिकविण्यास आम्ही शिक्षक आणि नोकरीतील माजी विद्यार्थिनी तयार होऊ.

२. गुणवंतांच्या सत्काराइतकेच लक्ष पहिल्या वर्षाच्या मुलींकडे द्यावे. शुल्काबरोबर गणवेश, पुस्तके, वसतिगृह यांचाही खर्च येतो, आणि पुष्कळ मुली तेथेच थांबतात.

३. प्रवेशापूर्वी पालकांनी दोन गोष्टी स्वतः पाहाव्यात : संस्थेला परिषदेची मान्यता आहे काय, आणि तिच्याजवळ रोग्यांनी भरलेले चालते रुग्णालय आहे काय. बाहुलीवर शिकून सुरुवात होते, शिक्षण पुरे होत नाही. मान्यता नसलेल्या संस्थेचे प्रमाणपत्र घेऊन नोंदणी होत नाही.

४. नोंदणी राज्याच्या परिषदेकडे असते. कर्नाटकात शिकलेल्या मुलीला कोल्हापूर-सांगलीकडे नोकरी करावयाची तर महाराष्ट्राच्या परिषदेची नोंदणी लागेल. सीमाभागातील आपण हे आधीच ध्यानी ठेवावे.

५. शिक्षण अर्ध्यावर असताना लग्नासाठी मुलीला काढू नये. तिची जागाही जाते आणि त्या जागेवर शिकू शकली असती अशी दुसरी मुलगीही मुकते.

रात्रपाळीबद्दल एवढेच म्हणावेसे वाटते. बाळंतपणे घड्याळ पाहून येत नाहीत. आपल्या लेकीसुनेच्या खाटेपाशी मध्यरात्री एखादी शिकलेली परिचारिका जागी असावी, असे आपणा सर्वांस वाटते. तीही कोणाची तरी लेक असते. रात्रपाळीहून आलेल्या मुलीला सकाळी घरी निजू द्यावे, तिच्या येण्याजाण्याची सोय पाहावी आणि शेजारी काही बोलले तर उत्तर घरच्यांनी द्यावे. एवढा आधार घराने दिला, तर उरलेले आमच्या मुली करून दाखवितील, याबद्दल आम्हांस शंका नाही.