फुकट आहे, पण कशासाठी?

चि. सानिका हिस,


तुझे प्रश्न दोन. ऑटोकॅड विद्यार्थ्यांना फुकट मिळतं तर घ्यावं का, आणि त्यावर सुट्टीत कंत्राटदाराचे नकाशे काढून चार पैसे मिळवावेत का. पहिल्याला माझं उत्तर बेलाशक हो, दुसऱ्याला नाही, आणि दोन्हींमागचं कारण एकच आहे. ऑटोकॅड बनवणारी ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थ्यांना वर्षभराचा परवाना देते आणि शिक्षण चालू असेपर्यंत तो दरवर्षी नव्याने घेता येतो. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना जेटब्रेन्सकडून असंच मिळतं, तर गिटहबने २०१४ पासून विद्यार्थ्यांसाठी साधनांचा अख्खा संचच ठेवला आहे. यात उपकार कुणी करत नाही. ज्या साधनावर हात बसतो तेच माणूस पुढे नोकरीत मागतो आणि तेव्हा पैसे त्याची कंपनी मोजते, हा सरळ हिशेब आहे. म्हणून घेताना संकोच नको. पण व्यवहार म्हटला की दुसरी बाजूही आली: त्यांनी हे शिकायला दिलंय, कमवायला नाही.

ही अट पूर्वी कागदावरच दिसायची. काही वर्षांपूर्वीपर्यंत विद्यार्थी आवृत्तीत काढलेला नकाशा छापला की चारही कडांना तसा शिक्का उमटे. त्या फाईलमधला एखादा ब्लॉक उचलून दुसऱ्याने आपल्या नकाशात टाकला, तर त्याच्याही नकाशाला तो शिक्का चिकटे. आता शिक्का गेला, अट तीच राहिली. तू म्हणशील, दीड-दोन हजारांच्या कामासाठी कोण पकडायला येणार? बहुधा कुणीच नाही. पण तुमच्याच तालुक्यात एखादा ड्राफ्ट्समन दरवर्षी परवान्याचे पैसे भरून धंदा करत असतो. तू फुकटच्या साधनावर त्याच्यापेक्षा कमी दराने काम घेतलंस तर पोटावर पाय त्याच्या येतो, कंपनीच्या नव्हे. मला हे कारण पकडले जाण्याच्या भीतीपेक्षा मोठं वाटतं. कंत्राटदाराकडे परवाना असेल तर त्याच्या ऑफिसात, त्याच्या मशीनवर बसून काम कर. नसेल तर साध्या द्विमितीय नकाशांना लिब्रेकॅड पुरतं. ते कुणालाही, कमाईसाठीसुद्धा, मोफत आहे.

हॉस्टेलवर पेन ड्राइव्हमधून फिरणारं क्रॅक हा तिसरा मार्ग तुला कुणीतरी सुचवेलच. ते इन्स्टॉल करताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच काय ते समज. कायदाही ऐक. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब प्रमाणे चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. वापर कमाईसाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर विशेष कारणं नोंदवून कैद न देण्याची मुभा मात्र न्यायालयाला आहे. म्हणजे शिकणं आणि कमावणं यांतली रेघ कायद्यानेही ओळखली आहे.

मग सगळंच मुक्त सॉफ्टवेअरवर का शिकू नये, असं तुझे काही सर म्हणतील. त्यांचं म्हणणं निम्मं पटतं. आकडेमोडीसाठीच्या मॅटलॅबच्या बऱ्याचशा कामाला मुक्त असलेलं सायलॅब चालतं. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने त्याचा प्रसार केला आहे आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतून धडेही आहेत. पण स्थापत्याच्या ऑफिसात उद्या ऑटोकॅडच विचारतील, तिथे तत्त्वाला धरून बसलीस तर नुकसान तुझं. दोन्ही शीक. फक्त आपलं काम एकाच कंपनीच्या फाईलमध्ये अडकवू नकोस. प्रत्येक नकाशाची डीएक्सएफ आणि पीडीएफ प्रतही ठेव, कारण पदवी मिळाली की विद्यार्थी परवाना संपतो.

आता अर्ज. खात्यावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं पाहिजे. आपल्याकडे ओळखपत्रावर आडनाव आधी आणि मध्ये वडिलांचं नाव असतं, तिथेच पुष्कळदा घोळ होतो. चालू शैक्षणिक वर्ष ओळखपत्रावर नसेल तर फीची पावती जोड किंवा ऑफिसातून तारखेसह बोनाफाईड घे. आणि हे काम सत्र सुरू होताच उरक, सबमिशनच्या आदल्या रात्री नको.

तुझा,
मामा