जुन्या संगणकात नवी हार्ड डिस्क

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाची पेटी उघडून बसावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटीत वलगावला आमच्या घरी ती वेळ आली. त्यातून जे शिकलो ते विद्यार्थिमित्रांपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

बाबांनी २००९ साली घेतलेल्या संगणकात आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या आणि वऱ्हाडी शब्दांचा संग्रह आहे. एके दिवशी पेटीतून टक्‌टक्‌ असा आवाज येऊ लागला आणि यंत्र सुरू व्हायला पंधरा-पंधरा मिनिटे लागू लागली. आजीने विचारले, “काहून रे बापा, माह्या ओव्या गेल्या काय?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या संग्रहाची दुसरी प्रतच नव्हती!

हार्ड डिस्क म्हणजे काय, हे आधी पाहू. चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या मिनिटाला बहुधा ७,२०० फेरे घेतात आणि त्यांच्यावर केसाहूनही कमी अंतरावर तरंगणारे टोक अक्षरे उमटवते व वाचते. आय. बी. एम. कंपनीने अशी पहिली यंत्रणा १९५६ साली बाजारात आणली. गाडगेबाबांनी वलगावजवळ पेढी नदीपाशी देह ठेवला, ते हेच साल. त्या यंत्रणेत २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्यांत सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज तळहाताएवढ्या डिस्कमध्ये त्याच्या लाखो पट मजकूर राहतो. मात्र फिरणारी वस्तू झिजतेच. टक्‌टक्‌ ऐकू आली की डिस्कची आयुष्यमर्यादा जवळ आली असे समजावे, यंत्र बंद करावे आणि उगाच चालवून पाहू नये.

नवी डिस्क घेण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, जोडणी. फार जुन्या संगणकात रुंद, चपटी, ४० छिद्रांची आय. डी. ई. पट्टी असते, २००३ नंतर हळूहळू अरुंद साटा केबल आली. आमच्याकडे साटा निघाली. दुसरी, आकार. जुन्या एम. बी. आर. पद्धतीत साधारण दोन टेराबाइटच्या पुढची जागा वापरता येत नाही. म्हणून अमरावतीहून एक टेराबाइटची डिस्क आणली. संगणक तिचे माप ९३१ गिगाबाइट दाखवतो, तेव्हा दुकानदाराने फसवले असे समजू नये. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, संगणक १,०२४ च्या, फरक एवढाच.

आता कृती. संगणक बंद करून वायर भिंतीतून काढली. पेटीच्या धातूला हात लावून अंगातली स्थिरविद्युत घालवली. धूळ झटकली. नंतर जुन्या डिस्कची केबल काढून ठेवली. कारण ती जोडलेली असती आणि नवी समजून तिच्यावरच फॉरमॅटचा हुकूम सुटला असता, तर सारेच संपले असते. नवी डिस्क चार स्क्रूंनी बसवली, तिला माहितीची व विजेची अशा दोन केबली जोडल्या आणि तिच्यावर विंडोज नव्याने घातले. मग संगणक बंद करून जुनी डिस्क दुसऱ्या जागी जोडली आणि बायोसमध्ये नव्या डिस्कचा क्रमांक पहिला लावला. वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने यू. पी. एस. जवळ होताच.

सर्वांत आधी ओव्यांच्या फायली घेतल्या. सिनेमे, गाणी नंतर. ‘कट’ नव्हे, ‘कॉपी’ केले. तीन फायली शेवटपर्यंत वाचल्या गेल्या नाहीत. बाकीच्या आल्या, पण उघडून पाहतो तो सगळी अक्षरे अगम्य! बाबांनी युनिकोडपूर्वीच्या पद्धतीचा फॉन्ट वापरला होता आणि तो नव्या विंडोजमध्ये नव्हता. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून स्थान आहे. परंतु जुन्या सवयीने लिहिलेला मजकूर त्याच्या फॉन्टवाचून मुका होतो. जुन्या डिस्कवरून तो फॉन्ट आणताच ओव्या पुन्हा बोलू लागल्या. आता त्या युनिकोडमध्ये आणण्याचे काम चालू आहे.

गेलेल्या तीन फायलींतल्या ओव्या आजीला पुन्हा विचारल्या. काही तिने सांगितल्या. काही मात्र तिला आठवल्या नाहीत. बराच वेळ ओठ हलवून ती म्हणाली, “आता नाही येत रे बाप्पा.”

डिस्क बसवणे तासाभराचे काम आहे. तेवढ्याने मजकूर सुरक्षित होत नाही. त्याच्या दोन प्रती असाव्यात, त्यांपैकी एक दुसऱ्या घरी असावी, आणि त्या अधूनमधून उघडून वाचाव्यात. आमची एक प्रत आता आत्याकडे परतवाड्याला आहे. आपल्या घरीही कोणाचे शब्द एखाद्या जुन्या पेटीत असतील, तर टक्‌टक्‌ ऐकू येण्याची वाट पाहू नये.